साथीदार आणि ध्वनिमुद्रिका : त्रिलोक गुर्टू यांच्या ड्रमवादनाचा ऐतिहासिक विचार

१

महाराष्ट्रातील संगीताचा इतिहास आजवर प्रामुख्याने गायकांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. घराणी, गुरुशिष्यपरंपरा, बंदिशी आणि मैफली यांच्या वर्णनात तालवादकाचा उल्लेख येतो तो बहुधा ओघाने, आणि पुष्कळदा येतही नाही. भंडाऱ्यानजीक वैनगंगेच्या तीरावरील कारधा हे गाव ज्या झाडीपट्टीत मोडते, तेथील खडी गंमतीचा ढोलकीवाला, कोल्हापूर-बेळगावच्या बैठकींतील तबलजी आणि मुंबईच्या हॉटेलांतील बँडचा ड्रमवादक, या तिघांच्या कला एकमेकींपासून अत्यंत भिन्न आहेत. परंतु त्यांच्या नशिबी आलेली उपेक्षा एकाच जातीची आहे. प्रयोगात जो सर्वांत अधिक वेळ वाजत असतो, त्याचेच नाव कागदोपत्री सर्वांत कमी आढळते. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर गायकाचे नाव, राग व प्रकार छापलेला असे. तबल्याची साथ कोणाची, हे बहुतेक तबकड्यांवर नमूद केलेले नसे. चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदाची स्थितीही याहून निराळी नव्हती.

या पार्श्वभूमीवर मुंबईत जन्मलेले जॅझ ड्रमवादक त्रिलोक गुर्टू यांचे जीवन व ध्वनिमुद्रणे अभ्यासकाला विशेष उद्‌बोधक ठरतात. त्यांच्याविषयी लिहिताना 'पूर्व आणि पश्चिम यांचा संगम' हे शब्द सामान्यतः वापरले जातात. परंतु या शब्दांनी फारसे काही उलगडत नाही. कोणती पूर्व, कोणती पश्चिम, आणि त्यांची गाठ नेमकी कोठे पडली, हे प्रश्न तसेच राहतात. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, गुर्टू यांच्या कलेचा पाया युरोपात घातला गेला नसून तो ठुमरीच्या साथसंगतीत आणि मुंबईत ऐकलेल्या परदेशी तबकड्यांत आहे. आणि त्यांच्या ध्वनिमुद्रणांचा क्रम म्हणजे साथीदाराची वृत्ती न सोडता साथीदाराने नायकत्व कसे स्वीकारले, याचा लेखी पुराव्याइतकाच विश्वसनीय पुरावा होय.

२

त्रिलोक गुर्टू यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत झाला. त्यांच्या मातोश्री शोभा गुर्टू या पूर्वाश्रमीच्या भानुमती शिरोडकर. त्यांचा जन्म १९२५ मध्ये बेळगावी झाला. भानुमतींच्या आई मेनकाबाई शिरोडकर या व्यवसायाने गायिका व नर्तकी असून त्यांना जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँ यांची तालीम लाभली होती. भानुमतींनी कोल्हापुरात अल्लादियाखाँचे पुत्र भुर्जीखाँ यांच्याकडे ख्यालाचे शिक्षण घेतले. पुढे नथ्थनखाँ व घम्मनखाँ यांचेही मार्गदर्शन त्यांना मिळाले. विश्वनाथ गुर्टू यांच्याशी विवाह होऊन त्या शोभा गुर्टू झाल्या. त्यांचे सासरे नारायणनाथ गुर्टू हे बेळगावात पोलीस खात्यातील वरिष्ठ अधिकारी असून सतारवादक व संगीताचे जाणकार होते. ख्यालाची पक्की बैठक असूनही शोभाबाईंनी ठुमरी, दादरा, कजरी व होरी हे प्रकार आपलेसे केले आणि त्यांतच कीर्ती मिळविली. १९८७ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २००२ मध्ये पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव झाला. २७ सप्टेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले.

हा कुलवृत्तांत येथे विस्ताराने देण्याचे कारण केवळ चरित्रात्मक नाही. ठुमरीतील तबल्याचे कार्य ख्यालातील तबल्याच्या कार्याहून स्वभावतःच वेगळे आहे. विलंबित ख्यालात ठेका स्थिर ठेवणे हे तबलजीचे प्रथम कर्तव्य असते. बोल-बनावाच्या ठुमरीत दीपचंदी अथवा जत यांसारख्या संथ ठेक्यावर गायिका एकाच शब्दातून अनेक भाव उलगडीत जाते, आणि त्या वेळी तबलजीला स्वतःस मागे ठेवून शब्दाच्या वळणाकडे लक्ष द्यावे लागते. ठुमरीच्या उत्तरार्धात मात्र स्थिती पालटते. लय वाढते, केरव्याच्या चालीवर लग्गी सुरू होते, गायिका मुखडा धरून ठेवते आणि तबलजी पुढे येतो. काही आवर्तने तो लग्गीचे विविध प्रकार वाजवितो आणि तिहाई घेऊन पुन्हा मूळच्या संथ ठेक्यावर परततो. मागे राहणे, नेमक्या क्षणी पुढे येणे आणि पुन्हा मागे जाणे, ही तिहेरी शिस्त ठुमरीची साथ करणाऱ्याच्या अंगी बाणलेली असावी लागते.

त्रिलोक गुर्टू यांनी तबल्याचे शिक्षण शाह अब्दुल करीम यांच्याकडे घेतले. ज्या घरात ठुमरीचा रियाज हा नित्याचा व्यवहार होता, त्या घरातील तबला शिकणाऱ्या मुलाला ही शिस्त पाठ्यक्रमातून शिकावी लागली नाही. १९६५ मध्ये, वयाची चौदा वर्षेही पूर्ण झालेली नसताना अथवा नुकतीच झालेली असताना, त्यांनी ज्येष्ठ बंधू रवी गुर्टू यांच्यासमवेत तालवाद्यांचे एक पथक उभारले. म्हणजे तालवाद्यांनाच अग्रस्थान देण्याचा विचार या घरात बराच आधी रुजला होता.

३

दुसरा धागा मुंबई शहराचा. जॅझ संगीत मुंबईस नवे नव्हते. १९३५ मध्ये लिऑन अॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे वादक तेथे वाजवून गेले. त्यांच्या सहवासात गोमंतकीय वादकांची एक पिढी तयार झाली. शिक शॉकलेट या नावाने प्रसिद्धी पावलेले ट्रंपेटवादक अँतोनिओ झेव्हियर वाझ हे त्यांतील अग्रगण्य. हेच वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच संगीत दिग्दर्शक सी. रामचंद्र, यांनी 'अलबेला' या चित्रपटात शिक शॉकलेट व त्यांच्या सहकाऱ्यांचा मुक्त हस्ताने उपयोग केला. हा चित्रपट १९५१ चा, म्हणजे त्रिलोक गुर्टू यांच्या जन्मवर्षाचाच. कावस लॉर्ड यांच्यासारख्या पारशी तालवादकाने याच काळात लॅटिन अमेरिकेतील तालवाद्ये हिंदी चित्रपटगीतांत रूढ केली. तात्पर्य, गुर्टू यांच्या बालपणी मुंबईच्या कानाला ड्रमचा आवाज परका राहिलेला नव्हता.

सत्तरीच्या दशकात गुर्टू ड्रमवादनाकडे वळले, त्या वेळचा एक तपशील ध्वनिमुद्रणाच्या इतिहासाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचा आहे. १९९५ मध्ये जिमी हेंड्रिक्स यांच्याविषयी झालेल्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात गुर्टू यांनी सांगितले की, पाश्चात्त्य संगीत ऐकून शिकताना एका ध्वनिमुद्रणावर दुसरे ध्वनिमुद्रण चढविण्याची पद्धत त्यांना ठाऊकच नव्हती. त्यामुळे तबकडीवर जे जे ऐकू येई ते सर्व एकाच वेळी वाजविलेले आहे असे समजून ते आत्मसात करण्याचा त्यांनी प्रयत्न केला, आणि एरवी कोणी वाजविण्याच्या भरीस पडले नसते असे अनेक भाग त्यांना एकत्र शिकावे लागले.

हा गैरसमज अज्ञानातून झाला असे म्हणून सोडून देणे योग्य होणार नाही. त्यामागे मुंबईचा प्रत्यक्ष व्यवहार होता. साठीच्या दशकात मुंबईतील चित्रपटगीते गायक व संपूर्ण वाद्यवृंद एकत्र बसवून मुद्रित केली जात. एकाची चूक झाली तर सर्वांना पुन्हा वाजवावे लागे. शास्त्रीय संगीताच्या तबकडीविषयी तर प्रश्नच नव्हता. जे ऐकू येते ते त्या त्या माणसांनी त्या त्या वेळी एकत्र वाजविलेले असते, हा मुंबईत वाढलेल्या मुलाचा अनुभवसिद्ध सिद्धांत होता. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये मात्र बहुपथी फितीच्या साह्याने एकच वादक स्वतःवरच स्वतःचे वादन चढवू लागला होता. ध्वनिमुद्रणाच्या दोन भिन्न पद्धती दोन देशांत एकाच वेळी नांदत होत्या आणि तबकडी तेवढी एका देशातून दुसऱ्या देशात गेली. तिच्यामागची पद्धत गेली नाही. या अंतरातूनच गुर्टू यांचे असाधारण तंत्र उदयास आले. ऐतिहासिक साधनाचे चुकीचे वाचनही कधी कधी सर्जक ठरते, याचे याहून ठळक उदाहरण संगीताच्या क्षेत्रात शोधावे लागेल.

४

या तंत्राचे दृश्य रूप म्हणजे गुर्टू यांची बैठक. जॅझचा ड्रमवादक उंच आसनावर बसतो, दोन्ही पायांनी दोन वाद्ये चालवितो आणि दोन्ही हातांनी उरलेली. गुर्टू यांनी आसन टाकून दिले. अर्धवट गुडघ्यावर बसून ते जमिनीलगत वाजवितात. त्यांच्या संचात पाश्चात्त्य ड्रम, झांजा व तबला एकत्र मांडलेले असतात आणि मोठ्या ढोलाची रचनाही निराळी असते. शेजारी पाण्याची बादली ठेवलेली असते. वाजत असलेली झांज अथवा शिंपल्यांची माळ त्या पाण्यात बुडवून ते थरथरणारे, सरकणारे नाद काढतात.

या बादलीकडे चमत्कृती म्हणून पाहण्याची चूक सहज होते. कंप पावणारा धातू पाण्यात उतरविला की त्याचा स्वर खाली घसरतो. तबल्याच्या जोडीतील डग्ग्यावर मनगटाचा दाब देऊन वादक नेमके हेच साधतो. तेथे स्वर चामड्यावर सरकतो, येथे धातूवर. पाश्चात्त्य झांजेचा नाद एकदा उमटला की वादकाच्या ताब्यात राहत नाही, तो आपोआप विरून जातो. घसीट हे ज्याच्या हाताला वळण आहे अशा तबलजीला ही उणीव जाणवणे स्वाभाविक होते, आणि बादली हा तिच्यावरील उपाय होय, असा या साधनाचा अर्थ लावता येतो.

५

सत्तरीच्या दशकात गुर्टू युरोपात वाजवू लागले. अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो, डॅनिश सॅक्सोफोनवादक जॉन चिकाई, नॉर्वेचे गिटारवादक टेर्ये रिप्डाल आणि अमेरिकन ट्रंपेटवादक डॉन चेरी यांच्यासमवेत त्यांनी या काळात वादन केले. यांपैकी चेरी हे ऑर्नेट कोलमन यांच्या चौकडीतील वादक. जॅझला ठरावीक स्वरसंगतीच्या चौकटीतून मुक्त करण्यात त्यांचा वाटा मोठा, आणि आशिया व आफ्रिकेतील संगीताकडे ते आस्थेने वळले होते.

गुर्टू यांच्या आरंभीच्या ध्वनिमुद्रणांपैकी एक म्हणजे जर्मनीतील 'एंब्रिओ' या पथकाची १९७७ मधील 'अपो-कॅलिप्सो' ही ध्वनिमुद्रिका. तिच्यात शोभा गुर्टू यांचाही आवाज आहे. या गोष्टीकडे जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेलेले नाही. पुत्राने परदेशात नाव मिळविल्यावर मातेला सन्मानाने बोलाविले, असा हा प्रकार नाही. नाव मिळविण्यापूर्वीच, दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रिकेवर, दोघे एकत्र आहेत. कौटुंबिक साथसंगत सुटून मग जॅझ आला, असा क्रम येथे लागत नाही; साथसंगत जॅझमध्ये जशीच्या तशी चालत आली.

पुढील टप्पा 'ऑरेगॉन' या अमेरिकन पथकाचा. या पथकातील तालवादक कॉलिन वॉलकॉट हे रविशंकर यांच्याकडे सतार आणि अल्लारखाँ यांच्याकडे तबला शिकलेले. नोव्हेंबर १९८४ मध्ये तत्कालीन पूर्व जर्मनीत झालेल्या मोटार-अपघातात त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जागी पुढे गुर्टू आले, आणि 'इकोटोपिया' (१९८७), 'फॉर्टीफिफ्थ पॅरलल' (१९८९) व 'ऑल्वेज, नेव्हर अँड फॉरएव्हर' (१९९१) या तीन ध्वनिमुद्रिकांवर त्यांचे वादन आहे. वॉलकॉट, डॉन चेरी आणि ब्राझीलचे तालवादक नाना व्हास्कोन्सेलोस या तिघांचे 'कोडोना' नावाचे त्रिकूट पूर्वी गाजले होते. गुर्टू यांनी वॉलकॉट यांची रिक्त जागा घेतली, आणि पुढे स्वतःच्या ध्वनिमुद्रिकांवर चेरी व व्हास्कोन्सेलोस या उरलेल्या दोघांनाही पाचारण केले. या कालक्रमातून एक परंपरा स्पष्ट दिसते. ती घराण्याच्या नावाने ओळखली जात नाही. तिची नोंद केवळ ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवरील नामावलीत सापडते.

इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या त्रयीत गुर्टू यांची साथ सर्वाधिक कसास लागली. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेला त्यांचा कार्यक्रम पुढील वर्षी ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाला. गिटार मॅक्लॉफ्लिन यांची, बास काय एकहार्ट यांचा आणि तालवाद्ये गुर्टू यांची. चौथा माणूस मंचावर नाही. या ध्वनिमुद्रिकेचे पुरावा म्हणून मोल मोठे आहे. ती ऐकताना अनोळखी श्रोत्याला तालवाद्यांमागे दोन-तीन वादक असल्याचा, किंवा नंतर आवाज चढविल्याचा भास होतो. परंतु हे श्रोत्यांसमोरील प्रत्यक्ष वादन आहे. मुंबईत ज्या मुलाने अनेकांचे वादन एकाचे समजून ऐकले, त्याचे एकट्याचे वादन आता जगाला अनेकांचे वाटू लागले. तबकडीविषयीच्या त्या जुन्या गैरसमजाचे वर्तुळ येथे पूर्ण झाले. याच त्रयीची 'के अलेग्रिया' ही ध्वनिमुद्रिका १९९२ मध्ये निघाली. तिच्यावर बासवादनासाठी मुख्यतः डोमिनिक दि पियाझा आहेत.

जॅझच्या त्रयीत ड्रमवादकाचे कर्तव्य काय असते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. रचनेच्या ठरावीक मापांची एक फेरी पूर्ण झाली की पुढची सुरू होते. मुख्य वादकाच्या स्वैर विस्तारात ड्रमवादकाने ही फेरी मनाशी धरून ठेवावयाची असते. काही फेऱ्यांनंतर चार-चार मापे आळीपाळीने वाजविण्याचा संवाद होतो, ड्रमवादक क्षणभर पुढे येतो आणि पुन्हा मागे जातो. ठुमरीतील मुखडा, लग्गी आणि ठेक्यावरील पुनरागमन यांच्याशी याचे साम्य केवळ बाह्य नाही. दोन्ही ठिकाणी तालवादकाला स्वातंत्र्य मिळते ते काही काळापुरते आणि परतण्याच्या अटीवर. भेद आहे तो असा की, तबल्याचा ठेका हा बोलांनी बांधलेला स्वयंपूर्ण आकृतिबंध असतो, तर जॅझची लय मुख्यतः झांजेवरील अखंड नादाने वाहती ठेवली जाते. गुर्टू यांच्या वादनात हा भेद लपविलेला नाही; ठेक्याचा आकृतिबंध आणि झांजेचा प्रवाह आलटून-पालटून पुढे येतात.

६

'उस्फ्रेट' ही गुर्टू यांची स्वतःच्या नावाने निघालेली पहिली ध्वनिमुद्रिका १९८८ मध्ये जर्मनीतील सी.एम.पी. या संस्थेने प्रसिद्ध केली. तिच्यावर डॉन चेरी, 'ऑरेगॉन'चे राल्फ टाउनर, व्हायोलिनवादक एल. शंकर, बासवादक योनास हेलबोर्ग आणि फ्रेंच पियानोवादक दानिएल गोयोन हे आहेत. आणि शोभा गुर्टू यांचे गायन आहे. एका रचनेचे नावच 'शोभारॉक' आहे. पुत्र नायक व माता निमंत्रित, असा उलटा क्रम वेष्टनावर दिसत असला, तरी ऐकताना जाणवतो तो जुनाच संबंध. गायन सुरू झाले की तालवाद्ये त्याच्या मागे येतात. ध्वनिमुद्रिकेचा स्वामी तीवरच साथीदार झालेला आहे.

१९९१ मधील 'लिव्हिंग मॅजिक'वर नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक आणि नाना व्हास्कोन्सेलोस आहेत. दुसरा समर्थ तालवादक आपल्याच ध्वनिमुद्रिकेवर बोलाविणे हे नायकाच्या अहंकाराशी विसंगत. साथीदाराच्या स्वभावाशी मात्र सुसंगत होय. १९९३ मधील 'क्रेझी सेंट्स'वर जो झाविनुल व पॅट मेथिनी हे जॅझमधील दोन दिग्गज असून शोभाबाईंचा स्वर पुन्हा ऐकावयास मिळतो. १९९४ ते १९९६ अशी सलग तीन वर्षे 'डाउनबीट' या अमेरिकन नियतकालिकाच्या समीक्षकांनी सर्वोत्कृष्ट तालवादक म्हणून त्यांची निवड केली, आणि त्यानंतरही अनेकदा हा मान त्यांच्याकडे आला. एका गोष्टीची नोंद येथे आवश्यक आहे. ही निवड प्रामुख्याने त्यांनी स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रिका काढावयास आरंभ केल्यानंतरच्या काळातली आहे. हात तोच, तयारी तीच. परंतु नाव वेष्टनाच्या दर्शनी भागावर आल्यावाचून समीक्षकांची दृष्टी तालवादकावर स्थिरावली नाही. पहिल्या परिच्छेदात जिचा उल्लेख केला ती उपेक्षा केवळ आपल्याकडची नाही, हे यावरून दिसून येते.

यानंतरच्या ध्वनिमुद्रिकांचा आढावा संक्षेपाने घेणे पुरे. 'कथक' (१९९८), 'आफ्रिकन फँटसी' (२०००), 'द बीट ऑफ लव्ह' (२००१), 'रिमेंब्रन्स' (२००२) यांत आफ्रिकेतील व भारतातील गायनाकडे त्यांचा ओढा वाढलेला दिसतो. झाकीर हुसेन व बिल लास्वेल यांनी उभारलेल्या 'तबला बीट सायन्स' या उपक्रमातही ते सहभागी झाले. २००४ मधील 'ब्रोकन ऱ्हिदम्स' व २००६ मधील 'आर्किऑलॉजी' यांत 'आर्के' या इटालियन तंतुवाद्य-चौकडीची जोड आहे. २०११ च्या '२१ स्पाइसेस'मध्ये ड्रमवादक सायमन फिलिप्स आणि उत्तर जर्मन नभोवाणीचा मोठा जॅझ वाद्यवृंद त्यांच्यासोबत आहे. २०१३ मधील 'स्पेलबाउंड' ही ध्वनिमुद्रिका ट्रंपेटवादकांच्या परंपरेला वाहिलेली असून डॉन चेरी यांचे ऋण तीत मान्य केलेले आहे. ड्रमवादकाने आपल्या प्रौढ वयातील एक संपूर्ण ध्वनिमुद्रिका दुसऱ्या वाद्याच्या वादकांना अर्पण करावी, यातही साथीदाराचीच दृष्टी आहे.

७

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष हाती येतात. पहिला असा की, गुर्टू यांच्या संगीतातील भारतीय अंश म्हणजे परदेशी रचनेवर दिलेला रंगाचा हात नव्हे. बेळगाव-कोल्हापूरकडून मुंबईत आलेल्या ठुमरीच्या साथीचा तो विस्तार आहे. दुसरा निष्कर्ष ध्वनिमुद्रणाविषयीचा. तबकडी हे नादाचे तटस्थ प्रतिबिंब नसते. ती कोणत्या पद्धतीने तयार झाली आणि कोणत्या सवयीच्या कानाने ऐकली, यावर तिचा अर्थ अवलंबून असतो. तिसरा आणि अभ्यासकांच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा निष्कर्ष असा की, साथीदारांचा इतिहास लिहावयाचा तर ग्रंथांपेक्षा ध्वनिमुद्रिकांची वेष्टने, त्यांवरील नामावली आणि प्रत्यक्ष ध्वनी यांनाच प्रथम श्रेणीची साधने मानावे लागेल.

गुर्टू यांचे नाव वेष्टनावर आले, म्हणून त्यांच्या कलेचा हा क्रम आज सांगता येतो. मुंबईच्या ध्वनिमुद्रणशाळांत आयुष्य घालविलेल्या शेकडो तालवादकांविषयी आणि झाडीपट्टीतील खडी गंमतीच्या ढोलकीवाल्यांविषयी तसे सांगता येत नाही. त्यांचे वादन ज्यांनी ऐकले आणि त्यांच्याबरोबर ज्यांनी वाजविले, अशी माणसे हयात आहेत तोवर त्या नावांची नोंद करून ठेवणे, हे या क्षेत्रातील संशोधनाचे पहिले कर्तव्य ठरते.